वायर काढली तरी रिस्टार्ट

काम चालू असताना कम्प्युटरचा पडदा अचानक काळा पडतो आणि पुन्हा कंपनीचा लोगो दिसू लागतो. सेव्ह न केलेलं सगळं गेलं. मग घरातले सगळे आठवू लागतात, की हे नक्की कधीपासून सुरू झालं. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या नव्या वस्तूपाशी येऊन थांबतं: नवा प्रिंटर, मुलाचा गेमिंग माउस, ऑनलाइन मागवलेला वेबकॅम. "तो जोडला ना, तेव्हापासूनच!" दुरुस्तीवाल्याकडे न्यावं तर तो वेगळंच सांगतो. "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाकू."

नव्या वस्तूवरचा संशय खोटाच असतो असं नाही. मात्र जोडलेली वस्तू कम्प्युटरला दोन अगदी निराळ्या वाटांनी पाडू शकते. एक वाट ड्रायव्हरची, दुसरी विजेची. पहिल्या वाटेत विंडोज स्वतः ठरवून मशीन रिस्टार्ट करतं. दुसरीत विंडोजला पत्ताही नसतो, त्याच्या पायाखालची वीजच निघून जाते. म्हणून फॉरमॅट मारण्याआधी एवढंच विचारायचं, की रिस्टार्ट कोणी केला?

ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी कसं बोलायचं हे विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. छोटा असला तरी बरेच ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालतात. वर्ड किंवा ब्राउझर कोसळला तर तेवढीच खिडकी बंद होते. कर्नलमधल्या ड्रायव्हरनं मेमरीत भलतीकडे हात घातला, तर आता डिस्कवर काय लिहिलं जाईल याचा भरवसा उरत नाही. अशा वेळी विंडोज मुद्दाम सगळं थांबवतं, मेमरीतली माहिती एका फाइलमध्ये टाकतं आणि रिस्टार्ट होतं. तो प्रसिद्ध निळा पडदा हाच. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे. जोडलेल्या वस्तूमुळे तो दिसल्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण २० एप्रिल १९९८ चं. शिकागोतल्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर होते, विंडोज ९८ बाजारात यायची होती, आणि सहकारी ख्रिस कापोसेला यांनी यूएसबी किती सोपं आहे हे दाखवायला एक स्कॅनर जोडला. भरल्या सभेत पडदा निळा झाला. म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली.

आज अडचण अशी, की तो पडदा पुष्कळदा आपल्याला दिसतच नाही. 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ही खूण मुळातच लावलेली असते आणि पडदा वाचेपर्यंत मशीन पुढे गेलेलं असतं. सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात ती खूण काढून टाका. पुढच्या वेळी पडदा तिथेच थांबेल आणि फोनवर त्याचा फोटो काढता येईल.

तोवर मागचा हिशेब 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये सापडतो. स्टार्ट मेन्यूत शोधा, मग 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. धड शटडाउन न होता मशीन पुन्हा सुरू झालं, की तिथे 'कर्नल-पॉवर' नावाची, ४१ क्रमांकाची नोंद पडते. हा ४१ पाहून लोक हबकतात आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बदलून टाकतात. खरं तर ही नोंद फक्त एवढंच म्हणते, की मागच्या वेळी निरोप न घेता गेलात. कामाची गोष्ट तिच्या 'डिटेल्स'मध्ये असते, 'बगचेक कोड' या ओळीत. तिथे शून्य असेल तर बहुधा विंडोजला काही लिहून ठेवायला सवडच मिळाली नाही. वीज गेली, रिसेट झालं, किंवा मशीन गोठलं म्हणून कोणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं. आकडा असेल तर विंडोज स्वतः पडलं. १५९ म्हणजे झोपताना किंवा उठताना कुठल्या तरी ड्रायव्हरनं दगा दिला, २५४ म्हणजे यूएसबीच्या ड्रायव्हरमध्येच बिघाड. (इथे आकडे दशमान पद्धतीत असतात आणि निळ्या पडद्यावर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत. १५९ चं तिथे नाइन-एफ होतं. यावरून बरेच जण गोंधळतात.)

कोड मिळाला तर मामला तसा सोपा असतो. त्या वस्तूचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, जुना काढून टाकायचा, नाही जमलं तर वस्तू परत करायची. खरी डोकेदुखी शून्याची.

डेस्कटॉपमधला एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. या तिन्हींत फार तर पाच टक्के इकडेतिकडे चालतं. पाच व्होल्टची लाइन ४.७५ च्या खाली जाता कामा नये. याखेरीज तो मदरबोर्डला एक इशारा सतत देत असतो, बहुधा राखाडी वायरवरून. त्याचं नाव 'पॉवर गुड'. हा इशारा थांबला की मदरबोर्ड विंडोजला विचारत बसत नाही, सगळं जागच्या जागी रिसेट करतो. वीज लगेच सावरली तर मशीन पुन्हा सुरू होतं आणि आपल्याला वाटतं, आपोआप रिस्टार्ट झाला.

बाहेरची वीज क्षणभर गेली तरी एसएमपीएस तग धरतो, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडा साठा असतो. नळ गेला तरी गच्चीवरची टाकी आहे तोवर पाणी येतं, तसं. फक्त ही टाकी फार लहान आहे. डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकानुसार ती साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरावी लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एका आवर्तनाइतकीही उसंत नाही! त्यात कपॅसिटर जुने होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि पुण्यातल्या मे महिन्यात भिंतीला चिकटवलेल्या कॅबिनेटच्या आत काय शिजत असेल ते सांगायला नको. पाच-सात वर्षांच्या एसएमपीएसनं नवा असतानासारखा दम धरावा ही अपेक्षाच फुकट.

नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानातली गोष्ट. पत्रिका, अहवाल, प्रबंध अशी कामं. दुकान चालवणाऱ्या ताईंनी नवा लेझर प्रिंटर घेतला आणि पीसी रिस्टार्ट होऊ लागला. इंजिनिअर दादा येऊन ड्रायव्हर बदलून गेले, मग फॉरमॅटही झालं. फरक शून्य. पण ताईंची नजर चांगली. त्या म्हणाल्या, "अहो, प्रत्येक प्रिंटला नाही पडत. सकाळची पहिली प्रिंट दिली की पडतो, आणि जेवून आल्यावरची पहिली."

पहिली प्रिंट म्हणजे गार प्रिंटर. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर वितळवून बसवायला फ्यूजर असतो आणि तो दोनशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. कित्येक प्रिंटरांत हे काम हॅलोजनचा दिवा करतो. त्याची तार टंगस्टनची, आणि गार टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी. म्हणजे दिवा पेटतो त्या क्षणी विजेचा मोठा घोट घेतला जातो, आणि पुढे तापेपर्यंत काही शे वॅटची मागणी चालू राहते. काही मॉडेलांत ती हजारापर्यंत जाते. दुकानात वीज अधूनमधून जाते म्हणून पीसी, मॉनिटर, प्रिंटर सगळं एकाच एक्स्टेन्शनवरून ६०० व्हीएच्या यूपीएसला लावलेलं होतं. असा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो. प्रिंटर जागा झाला की यूपीएस एक लांब टीऽऽ करून मान टाकायचा.

खात्री करायला त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडला. प्रिंटरची यूएसबी वायर पीसीपासून काढून टेबलावर ठेवली. मग प्रिंटरवरचंच बटण दाबून टेस्ट पेज काढलं. पीसी रिस्टार्ट! ड्रायव्हर, व्हायरस, विंडोज, सगळे एका फटक्यात सुटले. डेटाची वायर जोडलेली नसतानाही जोडलेली वस्तू दोषी असू शकते, हे माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत दुर्लक्षित सत्य. प्रिंटर वेगळ्या पॉइंटवरून थेट भिंतीत लावला आणि तक्रार थांबली. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, असं यूपीएसच्या माहितीपुस्तिकांत बहुधा लिहिलेलं असतं. ती वाचतो कोण?

यूपीएसबद्दल आणखी एक. त्यातली लेड-ॲसिड बॅटरी दोन-चार वर्षांत दमते, पण हिरवा दिवा इमानेइतबारे लागत राहतो. मग वळवाच्या पावसात विजेचा दाब जरा खाली आला की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, बॅटरीत जीव नसतो आणि पीसी पडतो. शेजारचा पंखा मात्र फिरतोच आहे. यूपीएस नसता तर कदाचित एसएमपीएसनं तेवढा दाब सहज पचवला असता. संशय आला तर काही दिवस पीसी थेट भिंतीत लावून बघा.

लॅपटॉपवाल्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांची बॅटरी पोटातच असते.

आता यूएसबीतून मिळणाऱ्या विजेकडे येऊ. यूएसबी २ चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पियर द्यायला बांधील, यूएसबी ३ चा ९००. माउस, कीबोर्ड यांना याचा एक बारीक हिस्सा पुरतो, त्यामुळे धडधाकट माउसनं भार टाकून पीसी पाडला ही गोष्ट मला पटत नाही. बाहेरची छोटी हार्ड डिस्क मात्र फिरायला लागताना सुमारे एक ॲम्पियरपर्यंत ओढू शकते. तिथेही सहसा डिस्कच गळते, मशीन नाही. मशीन पडतं ते शॉर्ट झाल्यावर. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. आतली प्लास्टिकची जीभ मोडून तिच्यावरच्या चार पट्ट्यांपैकी एखादी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेली दिसते का? पेनड्राइव्ह खुपसताना जीभ हलते, पाच व्होल्ट थेट पत्र्यावर. यासाठी बोर्डवर पॉलिफ्यूज असतो. जास्त प्रवाहानं तो तापून फुगतो, आतल्या कार्बनच्या कणांची साखळी तुटते आणि रोध एकदम चढतो. पण तापायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाच व्होल्टची लाइन बसलेली असू शकते. काही मदरबोर्ड 'ओव्हर करंट' अशी सूचना दाखवून पंधरा सेकंदांत बंद होतात. ती दिसली तर पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरून उपटून बघणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. स्वतःचा ॲडॉप्टर असलेले स्वस्त हब उलटाही उद्योग करतात. ते आपले पाच व्होल्ट पीसीतच ढकलतात. पीसी बंद केल्यावरही एखादा एलईडी मिणमिणत राहिला तर हबकडे बघा.

अर्थिंगबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. जुन्या वाड्यातलं वायरिंग सोडा, नव्या फ्लॅटमध्येही तीन छिद्रांचा आणि आत दोनच तारांचा एक्स्टेन्शन बोर्ड सर्रास सापडतो. एसएमपीएसच्या दारातले गाळणीचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण अशा कॅबिनेटला दुसऱ्या खोलीतून अर्थ मिळालेला टीव्ही किंवा प्रिंटर वायरनं जोडताना ठिणगी उडते, आणि ती ठिणगी यूएसबी किंवा एचडीएमआयच्या आवरणातून आत शिरते. रिसेट हा तिचा सौम्य परिणाम समजा, पोर्ट कायमचा जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रल इतकंच भरलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच. तापकीर गल्लीसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारातून बोर्ड आणताना आत तीन तारा आहेत ना, एवढं उघडून दाखवायला सांगितलं तर दुकानदार नाही म्हणत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी आणखी एक पाहुणा येतो, अंगावरची स्थिर वीज. चटका जाणवला म्हणजे साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे होता. हेडफोनची पिन खोचताना तो बसला तर मशीन गडबडू शकतं. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून उठताना खुर्चीच्या धातूच्या भागांत अशीच ठिणगी पडते आणि तिचे तरंग जवळची डिस्प्ले केबल पकडते, हे ऐकून लोक हसतात, पण ते खरं आहे. फक्त तिथे दोन सेकंद पडदा जातो, मशीन चालूच असतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. तो शून्यापासून सुरू झाला नसेल तर रिस्टार्ट झालेलाच नाही.

एवढं करूनही सापडलं नाही, तर उरतं वस्तू काढून बघणं. एकेक काढण्यापेक्षा निम्म्या काढा. आठ वस्तू असतील तर तीन फेऱ्यांत दोषी हाती लागतो. पण यात दोन खड्डे आहेत. पहिला बेरजेचा. एकटी कोणतीच वस्तू दोषी नसते, सगळ्यांचा मिळून भार दमलेल्या एसएमपीएसला पेलत नाही. मग जी काढाल ती काढल्यावर मशीन शहाण्यासारखं वागतं आणि बिचाऱ्या वेबकॅमला कचऱ्याची पेटी. म्हणून काढल्यावर थांबलं की ती वस्तू परत जोडून पुन्हा पडतं का ते पाहायचं, आणि मग तिच्याऐवजी दुसरीच काढायची. तरीही थांबलं, तर वस्तू सोडा आणि एसएमपीएस बदलून बघा.

दुसरा खड्डा घाईचा. सरासरी तीन दिवसांतून एकदा, पण केव्हाही पडणारं मशीन घ्या. एक दिवस शांत गेला यावरून काय कळतं? काहीच दुरुस्त केलं नसतं तरी तो दिवस शांत जाण्याची शक्यता ७२ टक्के होती. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांवर यायला सरासरी अंतराच्या तिप्पट थांबावं लागतं, म्हणजे नऊ दिवस. ओळखीचा दुकानदार टेस्टिंगसाठी एसएमपीएस फार तर एक-दोन दिवस देतो. नऊ दिवसांसाठी मागून बघा.