निळ्याचा रेझिस्टर लालला चालत नाही

घरी लाइटसेबर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार, बनवताना सगळा जीव नळीत, बटणात आणि आवाजात अडकलेला असतो. रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा छोटा भाग, आठवतो तो अगदी शेवटी, आणि मग हाताला लागेल तो लावला जातो. माझ्या पहिल्या तलवारीत निळ्या एलईडीसाठी काढलेला दीड ओहमचा रेझिस्टर मी लाल एलईडीलाही तसाच डाग देऊन बसवला. थोड्याच वेळात मुठीतून करपल्याचा वास आला. उघडून पाहिलं, तर रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे काळे पडले होते.

एलईडी हा डायोड आहे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही, आणि ती पायरी ओलांडली की प्रवाह झपाट्याने वाढतो. शिवाय एलईडी तापला की ही पायरी आणखी खाली येते, म्हणजे प्रवाह वाढतो, म्हणजे तो अजून तापतो. हे चक्र आवरायला रेझिस्टर हवा.

ही पायरी रंगागणिक वेगळी असते. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या एका कणात सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, ४६० नॅनोमीटरच्या निळ्यात सुमारे २.७. जास्त ऊर्जेचा कण हवा तर व्होल्टेजही जास्त लागणार. म्हणून ३ वॅटच्या लाल एलईडीला साधारण २.२ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३.३ च्या आसपास लागतात. हिरवा मधला रंग असला, तरी तो बहुतेकदा निळ्याच्याच जातीच्या पदार्थापासून बनतो, त्यामुळे त्याचं व्होल्टेजही निळ्याच्या जवळ जातं.

आता हिशोब. सेलच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा, उरलेल्याला हव्या त्या प्रवाहाने भागा, की रेझिस्टर किती ओहमचा हवा ते मिळतं. लिथियम-आयन सेलवर ३.७ छापलेलं असतं, पण पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो, आणि हिशोब याच आकड्यावर करायचा. ०.७ ॲम्पिअर धरले, तर लालसाठी २ भागिले ०.७, म्हणजे २.८६ ओहम; बाजारात मिळणारा त्याच्या वरचा ३ किंवा ३.३ घ्यावा. निळ्यासाठी ०.९ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १.३, तिथे दीड ओहम ठीक. तोच दीड ओहम लालला लावला, तर प्रवाह सव्वा ॲम्पिअरच्या आसपास जातो आणि रेझिस्टरवर दोन वॅटहून जास्त उष्णता जिरते. माझा रेझिस्टर सोसणारा होता फक्त पाव वॅट!

ओहम बरोबर असला तरी वॅट पाहावेच लागतात. लालच्या ३ ओहमवर सुमारे १.३ वॅट जिरतात, म्हणून तिथे निदान ३ वॅटचा रेझिस्टर हवा. पांढऱ्या चौकोनी ठोकळ्यासारखा सिमेंट रेझिस्टर मला सर्वात भरवशाचा वाटतो, फक्त तो वायरच्या आवरणाला किंवा सेलला टेकू देऊ नका. एलईडीच्या पाठीलाही ॲल्युमिनियमचा जाड तुकडा हवाच.

एकाच मुठीत अनेक रंग असतील, तर प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या. सगळ्यांना मिळून एकच दिला, तर एकत्र लावल्यावर कमी व्होल्टेजचा लाल जवळपास सगळा प्रवाह ओढून घेतो आणि निळा मिणमिणतोसुद्धा नाही.

निळ्याची एक अडचण मात्र रेझिस्टरने सुटत नाही. सेल ३.७ वर उतरला की रेझिस्टरच्या वाट्याला जेमतेम ०.४ व्होल्ट उरतात आणि प्रवाह निम्म्याच्याही खाली येतो, तर लाल त्याच सेलवर अर्ध्या ॲम्पिअरने जळत असतो. निळी तलवार शेवटपर्यंत सारखीच उजळ हवी असेल, तर रेझिस्टर सोडून प्रवाह स्थिर ठेवणारा, गरजेप्रमाणे व्होल्टेज वाढवून देणारा ड्रायव्हर सर्किट लावावा.