रंगसंरक्षक पटल

मोटारीच्या रंगलेपाला उडते खडे, ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा इत्यादींपासून इजा होऊ नये म्हणून त्यावर चिकटविण्यात येणारी पारदर्शक, लवचिक फिल्म. व्यवहारात ती ‘पीपीएफ’ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) या नावाने ओळखली जाते.

उगम : व्हिएटनाम युद्धाच्या काळात (सु. १९६०–७५) हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांची वाळूने होणारी झीज थांबविण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या मागणीवरून थ्रीएम कंपनीने ही फिल्म तयार केली, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि एका मागणीतून लागलेला शोध म्हणण्यापेक्षा, पाऊस व धूळ यांमुळे विमानांच्या पुढच्या कडांची होणारी झीज रोखण्याच्या दीर्घ प्रयत्नांचे ते फलित मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण त्यामागील पॉलियुरेथेन या लवचिक प्लॅस्टिकाचे रसायनशास्त्र ओटो बायर यांनी जर्मनीत १९३७ मध्येच मांडले होते. पुढे शर्यतीच्या मोटारींमार्फत ही फिल्म खासगी वाहनांपर्यंत आली.

रचना : फिल्मची जाडी बहुधा १५० ते २०० मायक्रॉन असते, मोटारीवरील क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारणतः ४०–५० मायक्रॉनचाच असतो. मधला मुख्य थर थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनाचा, खालचा दाबाने चिकटणाऱ्या ॲक्रिलिक आसंजकाचा (चिकटद्रव्याचा) आणि वरचा पातळ लेपाचा असतो. फिल्म पिवळी पडणे हा जुना दोष प्रामुख्याने रसायनाच्या निवडीशी निगडित आहे. ॲरोमॅटिक (बेंझीन वलये असलेल्या) आयसोसायनेट या घटक रसायनापासून बनविलेल्या पॉलियुरेथेनात जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांमुळे क्विनॉइड ही रंगीत संरचना तयार होऊन पिवळेपणा येतो. ॲलिफॅटिक प्रकारात अशी वलये नसल्याने तो बराच टळतो. केवळ ‘पॉलियुरेथेन’ एवढ्या उल्लेखावरून फिल्मची प्रत ठरविता येत नाही, ती यामुळेच. पीव्हीसीच्या स्वस्त फिल्ममधील मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने निघून जातात व ती कडक होते.

‘ओरखडे आपोआप भरणे’ हा गुण वरच्या लेपाचा असतो. ऊन किंवा गरम पाणी लागल्यावर ताणलेल्या बहुवारिक (पॉलिमर) रेणूंच्या साखळ्या मूळ स्थितीकडे परततात. मात्र हे बारीक ओरखड्यांपुरतेच खरे असून फाटलेली फिल्म सांधली जात नाही. काही मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असणाऱ्या, रंगावर द्रवरूपात लावल्या जाणाऱ्या सिरॅमिक लेपाशी या फिल्मची गल्लत होते, पण तो लेप खड्याचा आघात शोषू शकत नाही.

पृष्ठभाग स्वच्छ करून साबणमिश्रित पाण्यावर फिल्म सरकवीत बसवितात व स्क्वीजीने (रबरी पट्टीच्या साधनाने) पाणी बाहेर काढतात. काढताना ती गरम करून लहान कोनात सावकाश ओढतात. पुन्हा रंगविलेल्या भागावर मूळ रंगही निघण्याचा धोका असतो.