प्रादेशिक बांधकाम अधिवेशन आणि दरांविषयीचे मौन : पार्श्वभूमी

बांधकाम व्यावसायिकांच्या प्रादेशिक अधिवेशनाला पहिल्यांदाच गेलेल्या प्रतिनिधीला अनेक देशांत सत्राच्या आरंभीच एक कोरडा परिच्छेद ऐकावा लागतो. चालू निविदा, दर, नफ्याचे प्रमाण आणि कोणते काम कोणी घ्यायचे, यांविषयी सभागृहात किंवा चहाच्या टेबलापाशीही बोलू नये, असा त्याचा आशय असतो. धंद्याविषयी बोलण्यासाठी जमलेल्यांना नेमके हेच बोलू नका असे का सांगावे लागते, याचे उत्तर या व्यवसायाच्या प्रादेशिक स्वरूपात आहे.

खडी आणि वाळू फार लांबून आणणे परवडत नाही, आणि रेडी-मिक्स काँक्रीट पाणी मिसळल्यापासून साधारण ९० मिनिटांत टाकून व्हावे, असा जुना दंडक आहे. त्यामुळे बांधकामातले प्रतिस्पर्धी बहुधा शेजारीच असतात: खाण तीच, गवंडी तेच आणि निविदा मागवणारी कार्यालयेही तीच. अशा ओळखीच्यांना आपसांत दर ठरवणे सोपे जाते. १४५९ मध्ये जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे जमलेल्या पाथरवटांच्या प्रमुखांनी जी नियमावली स्वीकारली, तिच्यातही एकाने दुसऱ्याच्या हातचे काम काढून घेऊ नये, अशी तरतूद होती. १८५९ मध्ये लंडनच्या बांधकाम मालकांनी एकत्र येऊन टाळेबंदी केली, ती मात्र कामगारांच्या नऊ तासांच्या दिवसाच्या मागणीविरुद्ध.

दरांचा प्रश्न न्यायालयात गेला तो इमारती लाकडाच्या निमित्ताने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्ये लाकूड उत्पादकांची माहिती देवाणघेवाणीची योजना, जिच्यात प्रदेशनिहाय बैठकांचाही समावेश होता, बेकायदा ठरवली. १९२५ मध्ये मात्र झालेल्या व्यवहारांची आकडेवारी आणि सरासरी खर्च सभासदांना कळवणे, संगनमत नसेल तर, वैध मानले. अमेरिकेतील अधिवेशनांत वाटले जाणारे सरासरी खर्चाचे तक्ते या दुसऱ्या निकालाच्या आधारावर उभे आहेत.

खरा वाद पेटला तो नेदरलँड्समध्ये. तेथील २८ कंत्राटदार संघटनांच्या नियमांनुसार, एखाद्या कामासाठी निविदा भरू इच्छिणारे कंत्राटदार आधी एकत्र बसत, आकडे ताडून पाहत, काम कोणी घ्यायचे ते ठरवत आणि निविदेच्या रकमेत हरणाऱ्यांच्या अंदाजपत्रकाचा खर्च मिळवत. त्यांचा युक्तिवाद सरसकट हास्यास्पद म्हणता येणार नाही. नकाशे वाचून परिमाणे काढणे आणि दर बसवणे यांत अनेक दिवस जातात, काम मात्र एकालाच मिळते; हरणाऱ्यांचा तो खर्च शेवटी कोणाच्या ना कोणाच्या बिलात चढतोच, मग तो उघडपणे का वाटू नये, असे ते विचारत. परंतु ‘उघडपणे’ हा शब्द येथे फसवा होता, कारण पैसे देणारा मालक त्या बैठकीत नसे आणि आपल्या निविदेत किती रक्कम मिळवली गेली हे त्याला ठरवता येत नसे. युरोपीय आयोगाने १९९२ मध्ये ही पद्धत स्पर्धाविरोधी ठरवून सुमारे २ कोटी २५ लाख एकू (युरोपूर्वीचे युरोपीय हिशेबाचे चलन) इतका दंड केला, आणि १९९५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

नियम रद्द झाले, सवय गेली नाही. २००१ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याने दिलेल्या छुप्या हिशेबवह्यांमुळे जुना व्यवहार गुपचूप चालूच असल्याचे उघड झाले आणि २००२ मध्ये त्याची संसदीय चौकशी झाली. असे व्यवहार औपचारिक सत्रापेक्षा सत्राच्या आगेमागे ठरणे सोपे असते. इशाऱ्यात सभागृहाबाहेरचाही उल्लेख असतो तो त्यासाठीच.

अंदाजपत्रकाच्या खर्चाची तक्रार मात्र खोटी नव्हती. आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटात देणाऱ्या काही मोठ्या कामांत आता मालकच हरणाऱ्या निविदाकारांना ठरावीक मोबदला देतो, आणि त्याची रक्कम निविदा मागवतानाच जाहीर केलेली असते.