कॅनवरचं दव आणि हलकी पेल एल

जुलैतली ठाण्याची संध्याकाळ. फ्रिजमधून काढलेला बिअरचा कॅन ओट्यावर ठेवला की मिनिटभरात धुरकट होतो, मग त्यावर थेंब धरतात आणि बुडाशी ओलं वर्तुळ उमटतं. हे पाणी हवेतलं असतं आणि येताना ते उष्णता घेऊन येतं. कमी अल्कोहोलची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची सुगंधी बिअर, घरी नीट चाखायची तर सुरुवात या दवापासून करावी लागते.

हवेतल्या १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २४५० ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि तिचा बराचसा भाग कॅनला मिळतो. ३३० मिलिलिटर बिअर १ अंशाने तापवायला जेमतेम १३८० ज्यूल लागतात. म्हणजे ग्रॅमभर दव साचलं की बिअर जवळपास पावणेदोन अंशांनी तापते. डेल ड्युरन आणि डार्गन फ्रायरसन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांनी २०१३ साली नेमका हाच प्रश्न तपासला. फार दमट हवेत कॅन तापवण्यात दवाचा वाटा नुसत्या गरम हवेच्या वाट्याहून मोठा असू शकतो, असं त्यात दिसलं. घरी पडताळायचं तर बंद कॅन फ्रिजमधून काढल्याबरोबर बशीसकट वजनकाट्यावर ठेवा आणि दहा मिनिटांनी आकडा पुन्हा बघा. वाढलेले ग्रॅम म्हणजे दव.

पेल एल ८ ते १० अंशांना चाखावी. फ्रिजमध्ये ४ अंशांवर असलेला कॅन पावसाळ्यात पाच-सात मिनिटांत तिथे पोचतो, पंख्याखाली त्याहूनही लवकर. एसीच्या खोलीतली हवा कोरडी असते, तिथे दहा-बारा मिनिटं धरा. अंदाजावर राहण्यापेक्षा स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवणं उत्तम.

हलक्या एलच्या बाबतीत हे दोन-चार अंश इतके महत्त्वाचे का? अल्कोहोल बिअरला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा देतं, किंचित गोडवा देतं आणि काही वासांना द्रवात धरून ठेवतं. ते कमी झालं की माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या जवातली) आल्डिहाइड नावाची वासाची द्रव्यं मोकळी सुटतात आणि नाचणी सत्त्वाच्या गरम पेजेसारखा वास पुढे येतो. बिअर जितकी कोमट, तितका तो ठळक. उलट फार थंड ठेवली तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, संत्र्याच्या सालीसारखा वास दबतो आणि उरतं फक्त कडू, पातळ पाणी. मधली पट्टी अरुंद आहे.

पेजेचा हा वास कितपत येणार, हे बनवण्याच्या पद्धतीवरही ठरतं. एक मार्ग म्हणजे माल्ट नेहमीपेक्षा गरम, ७० अंशांच्या वर भिजवायचं. त्या तापमानाला स्टार्चची साखर करणारं बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) लवकर निकामी होतं, यीस्ट ज्याचं अल्कोहोल करतं ती माल्टोज साखर कमी तयार होते आणि यीस्टला न पचणारे स्टार्चचे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, जास्त उरतात. अल्कोहोल कमी, पण अंग शाबूत. दुसरा मार्ग माल्टोज न खाणारं यीस्ट वापरण्याचा. त्यात गोडवा बराच राहतो. तिसऱ्यात पूर्ण आंबवलेल्या बिअरमधून निर्वात ऊर्ध्वपातनाने, म्हणजे कमी दाबाखाली कमी तापमानाला उकळून, अल्कोहोल काढतात आणि त्याबरोबर थोडा सुगंधही जातो. पहिल्या पद्धतीची एल चवीला सहसा सरस लागते.

विकत घेताना कॅनवरची तारीख बघा. दुकानात उघड्यावर रचलेल्यापेक्षा फ्रिजमधला कॅन घ्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेली बिअर काही दिवसांतच ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत प्रकाश शिरून हॉप्समधल्या कडू द्रव्यांची मोडतोड होते आणि जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. कॅनमध्ये हा धोका नाही.

ग्लास तेलकट असेल तर फेस टिकत नाही. भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळून उपडा ठेवा, फडक्याने पुसू नका. ओतल्यावर आतल्या कडेला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास अजून स्वच्छ नाही. चाखण्याआधी फरसाण नको, ओठांवरचं तेलही फेस मोडतं. ग्लास तिरका धरून १०० मिलिलिटर ओता, शेवटी सरळ करा म्हणजे दोन बोटं फेस येईल. आधी दोन-तीन छोटे श्वास घेऊन वास घ्या. मग मोठा घोट तोंडात फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. सुगंधाचा मोठा भाग घशामागून नाकात जातो, त्यामुळे घोट थुंकून टाकला तर अर्धी चव हरवते.

हलकी म्हणजे बिनअल्कोहोलची नव्हे. अडीच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेसहा ग्रॅम अल्कोहोल असतं; ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१. फरक मोठा आहे, पण चाखल्यावर घोडबंदर रोडवर गाडी काढायला साडेसहा ग्रॅमचीही सबब चालणार नाही.

दोन एलमधला फरक खरोखर कळतो का, हे बघायचं तर तीन सारखे ग्लास घ्या. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि ओतणारा वेगळा. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून निदान सहा फेऱ्या करा. सहापैकी पाच बरोबर आल्या तर फरक खरा धरायला हरकत नाही. चार नुसत्या नशिबानेही दहातून एकदा येतात. सगळे ग्लास एकाच तापमानाला हवेत, नाहीतर जीभ बिअर ओळखण्याऐवजी थंडावा ओळखेल.