गंज निघतो, मीठ राहते

गोव्याच्या किनारपट्टीवर दहा-पंधरा पावसाळे काढलेल्या मोटारीचा मडगार्ड उतरवून पाहिला, तर बाहेरून दिसणाऱ्या रंगाच्या चार फुगवट्यांपेक्षा त्याच्या आतल्या कडेची अवस्था कितीतरी वाईट आढळते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. शिवाय तो सच्छिद्र असल्याने ओलावा धरून ठेवतो. डिचोली-सांग्याच्या खाणींतले हेमॅटाइट हेही लोखंडाचे ऑक्साइडच आहे. भट्टीत प्रचंड ऊर्जा खर्चून त्यातून वेगळे केलेले लोखंड संधी मिळताच पुन्हा ऑक्सिजनशी संयोग पावते, आणि खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक घटक, ती संधी लवकर आणून देते.

तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर खड्ड्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे पोहोचतात ते कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर नोझलमधून सुटणारे बारीक, कठीण कण. १८७० साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी पेटंट घेतलेल्या या पद्धतीला आपल्याकडे आजही सँडब्लास्टिंगच म्हणतात, पण त्यात रेती मुळीच वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेतीचे कण आपटून फुटतात आणि त्यांची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात कायमची रुतून सिलिकोसिस होतो, ज्यावर बरे करणारा उपाय नाही. नाकाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवू शकत नाही. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी हे चांगले पर्याय आहेत, मात्र गंजाची आणि जुन्या रंगाची धूळ त्यांच्याबरोबरही उडतेच, त्यामुळे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण तेव्हाही हवे.

कणाचा वेग दुप्पट झाला की त्याची आघातऊर्जा चौपट होते. चॅसिस किंवा चाकाची रिम असा मारा सहन करते, सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा बॉनेटचा पत्रा मात्र लाटेसारखा वाकतो. हे उष्णतेमुळे होते असा समज आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे: प्रत्येक कण हातोडीच्या सूक्ष्म घावासारखा पृष्ठभागाचा थर ताणतो, खालचा थर होता तेवढाच राहतो, आणि पत्रा माऱ्याच्या बाजूला फुगतो. त्यामुळे पत्र्यासाठी दाब कमी, कण बारीक आणि नोझल तिरपे ठेवावे लागते. इंजिनच्या भागांतील तेलाच्या वाटा आधी बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण आत राहिलेला एखादा कणही बेअरिंग खरवडू शकतो.

किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या बाबतीत खरी अडचण येते ती यानंतर. पत्रा राखाडी, स्वच्छ दिसत असला तरी खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइडचे अंश चिकटून राहतात, आणि कोरडा मारा त्यांना पूर्णपणे काढू शकत नाही. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपासून हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. लोखंड आणि क्लोराइड यांचे क्षार तर त्याहून कोरड्या हवेतही ओलावा धरतात. म्हणून असा भाग गोड्या पाण्याने जोरात धुऊन, लगेच कोरड्या हवेने सुकवून, गरज पडल्यास पुन्हा हलका मारा करून घ्यावा. धुतल्यावर काही वेळात काळपट ठिपके उमटले, तर मीठ अजून शिल्लक असण्याची शक्यता मोठी.

उघड्या धातूवर प्राइमर काही तासांतच बसला पाहिजे, आणि त्या वेळी धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे लागते. जुलैत हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या किंचित वर येतो. म्हणजे पत्रा हवेपेक्षाही गरम, २९ अंशांच्या पुढे हवा. उघड्या शेडमध्ये हे साधत नाही. ज्यांच्याकडे आर्द्रता कमी करणारे यंत्र असलेली बंद खोली नाही, त्यांनी हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या एखाद्या कोरड्या दिवशी, ऊन चढल्यावर सुरू करावे आणि संध्याकाळी हवा ओलावण्याआधी पहिला हात मारून मोकळे व्हावे.