टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही : आडवाटेसाठी केले जाणारे फेरबदल (नाशिक परिसर)

इंजिनाची ताकद फक्त मागच्या किंवा फक्त पुढच्या दोन चाकांना मिळणारी एसयूव्ही पाणंद, मुरमाड चढ, ओढ्याचे उतार अशा हलक्या आडवाटांवर नेता यावी म्हणून तिच्यात केले जाणारे बदल. खोल चिखल, नदीपात्र आणि सलग खडकावरची चढाई ही फोर-बाय-फोरची, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीची कामे असून त्यांचा विचार येथे केलेला नाही. नाशिककडे या कामी प्रामुख्याने बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) दिसतात. दोन्ही महिंद्राच्या नाशिक कारखान्याशी निगडित. थारची मागील चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली आणि ‘थार म्हणजे फोर-बाय-फोरच’ हे समीकरण मोडले.

जिल्ह्याची जमीन बेसाल्टची, पण वाटा दोन तऱ्हांच्या. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात मुरूम, सुटे दगड आणि भातखाचरांचे बांध. इगतपुरीस वर्षाला सरासरी ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो व पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते. पूर्वेस निफाड, येवला, सिन्नरकडे काळी माती. ती उन्हात भेगाळते, भिजली की फुगते आणि टायरच्या नक्षीत गच्च बसते. नक्षी भरली की महागडा टायरही गुळगुळीतच. ओल्या काळ्या मातीवर कोणत्याही फेरबदलाचा उपाय चालत नाही. तेथे वाफसा येईपर्यंत थांबणे हेच खरे, आणि शेतकरी ट्रॅक्टर घालतानाही तेच करतो.

या प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तिचे मूळ कॅलिफोर्नियात शोधते. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे इंजिन व यंत्रणा वापरून ‘मायर्स मँक्स’ ही वाळूवरची बग्गी बांधली; १९६७ पासून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात शर्यती सुरू झाल्या; पुढे टोयोटाने टॅकोमा पिकअपची उंच सस्पेन्शनची पण दोनच चाकांवर चालणारी ‘प्रीरनर’ आवृत्ती विकायला काढली. ही परंपरा छायाचित्रे, नियतकालिके आणि नंतर चलचित्रांतून इकडे आली, असे हे मत सांगते. त्यात एक अडचण आहे. बीटलचे इंजिन मागे, म्हणजे चालत्या चाकांच्या अगदी डोक्यावर असते आणि बग्गीची पकड त्या वजनातून येते. आपल्याकडील गाड्यांचे इंजिन पुढे आणि चालती चाके मागे. त्यामुळे बग्गीचे धडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

दुसरे मत उगम घरचाच मानते. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स या जीपगाड्या काळी-पिवळी म्हणून खेडोपाडी धावत. त्यांतल्या बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह, बसणारे क्षमतेच्या दुप्पट आणि रस्ता खडीचा. मागच्या कमानीत एक पाटा वाढवणे, सायलेन्सर वर उचलून बांधणे, डिझेलच्या टाकीखाली पत्रा मारणे ही कामे गॅरेजवाले साधारणतः १९८०-९० च्या दशकांपासून करत असावेत. आज ज्याला ‘लिफ्ट’ (गाडीची उंची वाढवणे) आणि ‘स्किड प्लेट’ (तळाचा संरक्षक पत्रा) म्हणतात ते कामाच्या दृष्टीने याहून फारसे वेगळे नाही. १९४७ पासून महिंद्राने जोडणी केलेल्या विलीज जीपशी नाते जोडणारे तिसरेही एक मत आहे, पण ती गाडी फोर-बाय-फोर असल्याने ते येथे गौण ठरते. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे. हौस बाहेरून आली असेल, हात मात्र इथल्याच मिस्त्रींचे.

तांत्रिक बाजूचा गाभा डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चालत्या चाकांत वाटणाऱ्या व वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात आहे. साधे, उघडे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क, फिरवण्याचा जोर) देते. त्यामुळे एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले, की त्याला फिरायला जेवढा नाममात्र पीळ लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. अधांतरी चाक गरगरते, गाडी जागची हलत नाही. बांध तिरका ओलांडताना हा प्रसंग हमखास येतो. मागील चाकांवर चालणाऱ्या, हाताने ओढायचा ब्रेक असलेल्या गाडीत यावर एक जुनी युक्ती आहे : पहिला गिअर, हलका ॲक्सिलरेटर आणि हँडब्रेक दोन-तीन खाचा वर. ब्रेकमुळे गरगरणाऱ्या चाकाला अडसर होतो, त्यावर मात करण्यापुरता पीळ तयार होतो आणि तितकाच पीळ दुसऱ्या चाकाकडेही जातो. जमिनीवरच्या चाकाचाही ब्रेक लागलेला असल्याने त्यातला काही वाया जातो; तरी वीतभर पुढे सरकायला उरलेला पुरतो. युक्ती काही सेकंदांचीच, नाहीतर क्लचचा वास सुटतो.

कायमचा उपाय म्हणजे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल. ईटन कंपनीच्या प्रचलित रचनेत दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांपुढे गेला, की भिरभिरणारे वजन बाहेर फेकले जाऊन क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात. वेग वाढल्यावर ही जोडणी होत नाही. २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या एन१० (ओ) प्रकारात हे कारखान्यातूनच मिळते. नव्या गाड्यांतील ट्रॅक्शन कंट्रोल फक्त गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक आपोआप लावून तेच साधते. डिफरन्शियल वेल्डिंगने जाम करण्याचा स्वस्त मार्ग रस्त्यावरच्या गाडीला मुळीच योग्य नाही. वळणावर टायर घासतात आणि ॲक्सलवर ताण येतो.

टायर हा खर्चाच्या मानाने सर्वांत गुणकारी बदल. रस्त्याच्या एचटी (हायवे टेरेन) टायरऐवजी जाड कडांचा एटी (ऑल टेरेन) टायर घेतात. चिखलाचा एमटी (मड टेरेन) टायर डांबरी रस्त्यावर घोंगावतो आणि ओल्या रस्त्यावर कमी धरतो. बोलेरोच्या २१५/७५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ७०४ मि.मी. असतो. त्याऐवजी २३५/७५ आर१५ बसवल्यास तो ७३४ मि.मी. होतो. गाडी मात्र त्याच्या निम्म्याने, १५ मि.मी.नेच उचलली जाते. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना खरा वेग ८३ च्या पुढे असतो आणि चढावर पहिला गिअर तेवढा जड पडतो. आडवाटेवर हवा ३० पीएसआयवरून (हवेच्या दाबाचे एकक) २० च्या आसपास उतरवली की टायर पसरून दगडाला बिलगतो. डांबरावर परतताना ती पुन्हा भरावी लागते, म्हणून बारा व्होल्टचा पंप गाडीत हवाच. हा पंप लिफ्टच्या आधी घ्यावा, लोक नेमके उलटे करतात.

उंची वाढवण्याचे आकर्षण मोठे, लाभ मर्यादित. स्पेसर (स्प्रिंगला जोडायचा जाड तुकडा) किंवा जादा पाट्याने ३०-४० मि.मी. मिळतात, पण गुरुत्वमध्य वर जातो, व्हील अलाइनमेंट नव्याने करावी लागते आणि ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, ज्यावर दगड आधी आदळतो, तो होता तिथेच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर येतो. इंजिनाच्या चेंबरखाली (ऑइल साठणाऱ्या तळभागाखाली) ३-४ मि.मी. पोलादी पत्रा अधिक उपयोगी. असे काम सातपूर-अंबडकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या हातचे आहे. ऑइल सोडायच्या बोल्टसमोर भोक ठेवायला मात्र सांगावे लागते, नाहीतर दर सर्व्हिसिंगला पत्रा उतरवा. चेसिसला बोल्टने धरलेला टो-हुक, ओढायचा पट्टा, फावडे आणि चाकाखाली घालायला गोणपाट एवढ्यावर भागते.

पुढील चाकांवर चालणाऱ्या डस्टर, क्रेटा यांसारख्या गाड्यांत चढावर वजन मागे सरकून चालती चाके हलकी होतात. त्यामुळे छोटा चढ कधीकधी रिव्हर्समध्ये चढवतात.

कायदा कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रु. दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. बुलबारविरुद्ध (गाडीच्या पुढे बसवायच्या लोखंडी गार्डविरुद्ध) केंद्राचे निर्देश डिसेंबर २०१७ चे. उत्पादकाने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापाचा टायर हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. फेरबदल विमा कंपनीला कळवलेले बरे. अभयारण्यात, उदा. घोटीमार्गे गाठता येणाऱ्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात, वन विभागाच्या परवानगीविना वाट सोडून गाडी घालणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकते. पाणंद रस्ते गावाच्या वहिवाटीचे असतात. द्राक्षहंगामात त्यांवरून क्रेटने भरलेले ट्रॅक्टर येत-जात असतात आणि अरुंद जागी मागे हटायचे ते हौशी गाडीवाल्याने.