पाइन मार्टेन

पाइन मार्टेन (शास्त्रीय नाव मार्टेस मार्टेस) हा युरोपातील जंगलांत राहणारा, झाडांवर लीलया वावरणारा मांसभक्षक सस्तन प्राणी. पाणमांजराच्याच मस्टेलिडी कुळातला. आयर्लंडपासून पश्चिम सैबेरियापर्यंत तो आढळतो. आकार मांजराएवढा, पण अंग सडपातळ. वजन साधारण एक ते दोन किलो. रंग गडद तपकिरी, शेपूट झुपकेदार आणि गळ्यावर सायीच्या रंगाचा पट्टा. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे कॅमेऱ्यात टिपलेला मार्टेन नेमका कोणता, हे अभ्यासकांना सांगता येते.

नावात पाइन असले तरी पानझडी जंगलही त्याला तितकेच मानवते. खरी गरज असते ती जुन्या, पोकळ झाडांची. ढोलीत पिल्लांना ऊब मिळते आणि कोल्ह्यापासून संरक्षणही. ढोली नसेल तर खडकांतली कपार, खारीचे जुने घरटे किंवा घराचा माळाही चालतो. तो एकटा राहतो आणि बहुधा रात्री हिंडतो. नर-मादीचे मीलन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये होते. पण भ्रूण गर्भाशयात रुजतो तो थेट हिवाळा सरताना. पिल्ले मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात, बहुधा तीन ते पाच. वाढीचा हा वेग फार मंद आहे. म्हणूनच एकदा संख्या घसरली की ती सावरायला दशके लागतात.

आहारात आखूड शेपटीचे रानउंदीर प्रमुख. त्याखेरीज पक्षी, अंडी, भुंगेरे, बेडूक, मेलेली जनावरे, मधही. उन्हाळ्याच्या अखेरीस तो फळांवर तुटून पडतो. बिलबेरीच्या हंगामात स्कॉटलंडच्या जंगलवाटांवर त्याची विष्ठा चक्क निळी दिसते.

मऊ फरपायी त्याची शतकानुशतके शिकार झाली. मध्ययुगीन क्रोएशियात कर मार्टेनच्या कातड्यांत भरला जाई. त्यावरूनच तिथल्या चलनाला ‘कुना’ (क्रोएशियन भाषेत मार्टेन) हे नाव मिळाले, ते 2023 मध्ये युरो येईपर्यंत टिकले. ब्रिटनमध्ये जंगलतोड झालीच, शिवाय शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांवर देखरेख करणाऱ्या रखवालदारांनी सापळे लावून त्याला संपवत आणले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुख्यतः वायव्य स्कॉटलंडपुरता उरला. 1988 मध्ये तिथे त्याला पूर्ण कायदेशीर संरक्षण मिळाले. 2015 ते 2017 दरम्यान स्कॉटलंडमधले 51 मार्टेन वेल्समध्ये नेऊन सोडण्यात आले, पुढे इंग्लंडच्या डीन जंगलातही. जागतिक पातळीवर मात्र ही जाती धोक्यात नाही.

त्याच्या परतण्याचा सर्वांत मोलाचा परिणाम खारींवर दिसला. उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारीने ब्रिटन-आयर्लंडच्या बऱ्याच भागांतून स्थानिक तांबड्या खारीला हुसकावले होते. जिथे मार्टेन वाढले तिथे करड्या खारी घटल्या आणि तांबड्या परतल्या. तांबडी खार मार्टेनचा वास ओळखून सावध होते. परक्या मुलखातून आलेल्या करडीला ती ओळखच नाही.

अडचणी आहेतच. तो कोंबड्यांच्या खुराड्यात शिरतो. स्कॉटलंडमध्ये दुर्मीळ कॅपरकेली या मोठ्या रानपक्ष्याची अंडीही खातो. एका दुर्मीळ जिवासाठी दुसऱ्याला मारायचे का, हा प्रश्न तिथल्या संरक्षकांनी समंजसपणे हाताळला. केर्नगॉर्म्स परिसरात विणीच्या काळात मेलेल्या हरणांचे मांस जंगलात ठेवले आणि परिणाम मोजायला कोंबडीची अंडी घालून नकली घरटी मांडली. मांस मिळू लागताच मार्टेनने फस्त केलेल्या घरट्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.